सुभेदारांच्या फुटक्या करंज्या

मु. पो. कालवेवाडी, ता. वाई
रथसप्तमीच्या अलीकडचा मंगळवार

तीर्थस्वरूप मनूवन्सं यांना,

शालूचा साष्टांग नमस्कार. साष्टांग म्हणजे आठ अंगं, त्यातली माझी हल्ली पाचच वाकतात. तेवढी पाठवली आहेत, गोड मानून घ्या. तुमच्या गुडघ्यांना विचारलंय म्हणून सांगा. दाजींची साखर कशी आहे? बेदाण्याच्या शेडवर राखणीला बसतात आणि राखण करता करता निम्मा माल स्वतःच संपवतात, असं इकडं कानावर आलं. तसं असेल तर साखरेला दोष देऊ नये. तुमची म्हैस व्याली हेही आम्हाला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. आता कळवण्यासारखं आपल्यात काही उरलेलं नाही हे मी जाणते, पण म्हशीनं काय वाकडं केलंय? रेडी झाली की रेडा, एवढं तरी कळवायचं होतं.

लहान असून एक अट घालते. हे पत्र वाचायला घेतलंत तर शेवटपर्यंत वाचा, आणि वाचून होईस्तोवर कुणाशी बोलू नका. पत्र आणून देणाऱ्या माणसाकडं तर ढुंकूनही बघू नका. बस म्हणू नका, पाणी विचारू नका. त्याला उभं राहायची सवय आहे. चष्मा सावकाश शोधा, आमची काही घाई नाही. फोन का केला नाही म्हणाल, तर माझा फोन तुमच्याकडं वाजतो, मग दाजी उचलतात आणि तुम्ही देवळात गेलाय म्हणून सांगतात. (मागून तुमचा आवाज येत असतो, "गेलीय म्हणून सांगा, गेलीय म्हणून सांगा." चार वर्षांत एवढी देवळं केलीत, आता देवांनीच तुमच्याकडं यायची पाळी आली.) तेव्हा म्हटलं कागदच बरा. बालवाडीत जन्मभर मुलांना अक्षरं गिरवायला लावली, त्यातली चार स्वतःसाठी वापरावीत.

मूळ भांडण तुम्हाला पाठ आहे, पण ते तुम्ही तुमच्या बाजूनं पाठ केलंय. एकदा माझ्याकडून ऐका. क्रांतीच्या लग्नात रुखवतासाठी तुम्ही तासगावहून परातभर मुरडीच्या करंज्या घेऊन आलात. प्रत्येक करंजीच्या कडेला दोरीसारखा पीळ, हातानं घातलेला, एकसारखा. व्याही मंडळी रुखवत बघायला आली, आणि नेमकं त्याच वेळी तुमच्या बंधूंच्या मनात बहिणीचं कौतुक करायचं आलं. वन्सं, कौतुक ही वस्तू त्या माणसानं आयुष्यात फारशी वापरलेली नाही. माझ्यावर तर कधीच नाही. त्यामुळं ती धरायची कुठून, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. छाती फुगवून ते व्याह्यांना म्हणाले, "बघा की, हाय का न्हाई झ्याक? येकदम दुकानातनं आणल्यागत!" तुम्ही करंज्या टेबलावर ओतल्या, रिकामी परात काखेत मारली आणि मांडवाच्या दारात वळून म्हणालात, "मग लाला, औंदा भाऊबीजंला बहीणबी दुकानातनंच आण." आणि उपाशीपोटी तासगावची एस.टी. धरलीत.

तेव्हापासून भाऊबीज नाही, राखी नाही, दिवाळीला तुमच्याकडून यायचा तो बेदाण्याचा पुडा नाही. (पुड्याचं मला जास्त लागलं, खोटं कशाला बोलू.) हे म्हणतात, "म्या चांगलंच बोललो व्हतो, तिला समजलं न्हाई तर म्या काय करू?" तुम्ही म्हणता, त्यानं यावं. ते म्हणतात, तिनं यावं. एकाच आईची लेकरं, दुसरं काय म्हणणार? मी मधल्या मधे दोन्हीकडचं ऐकते आणि दोन्हीकडं मान हलवते. मानेचा पट्टा लागला तो त्यामुळंच, डॉक्टर काही म्हणोत.

आता मुद्द्यावर येते. क्रांतीला सातवा सरत आलाय. हे तुम्हाला माहीत आहे, कारण आमच्या जावयानं, शंभूराजनं, तुम्हाला पेढे पाठवले होते आणि तुम्ही ते ठेवून घेतले होते. (परत पाठवले असते तर मीही भांडले असते.) पण पुढचं तुम्हाला माहीत नसणार. पोरीच्या पोटात काही ठरत नाही. भात बघितला की उलटी, भाकरीचा वास आला की उलटी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचं वजन वाढायला पाहिजे तसं वाढत नाही, आईनं खाल्ल्याशिवाय ते वाढणार नाही, आणि प्रवास तर अजिबात नको. म्हणजे बाळंतपणाला माहेरी आणायची सोयही गेली. पोर तिकडं सांगलीला पडून, मी इकडं चुलीपुढं बसून. वन्सं, मी तोंडानं कितीही टवाळी करत असले तरी मला भीती वाटते. रोज सकाळी फोन वाजला की आधी देवाला हात जोडते, मग मी फोन उचलते.

तर असंच एकदा बापलेकीचं फोनवर बोलणं चाललं होतं. (म्हणजे ती बोलत होती आणि हे "हं" म्हणत होते.) तुला काय खावंसं वाटतं, असं यांनी विचारलं, तर ती म्हणाली, "पप्पा, आपन बेळगावला हुतो तवा तुमी त्यो पाय आनायचा बगा, बेकरीतला, फळाचा. त्यो खाईन म्या." बेळगावला कॅम्पात आम्ही राहायचो तेव्हा तिथल्या एका बेकरीत फळाचं सारण भरून भट्टीत भाजलेली करंजी मिळायची. तिला साहेबांच्या भाषेत पाय म्हणतात. (मी करंजीच म्हणणार. दिवस गेलेल्या पोरीनं पाय मागितले असं सांगत सुटले असते तर शेजारच्या बयाबाईनं खाटकाकडं माणूस धाडला असता.) ड्यूटीवरून येताना हे ती करंजी कागदात गुंडाळून आणायचे, आणि घरी येईपर्यंत गरम राहावी म्हणून वर्दीच्या आत, छातीशी धरून. एकदा सारण गळून वर्दीला डाग पडला म्हणून त्यांना शिक्षाही झाली होती. क्रांतीला हे अजून माहीत नाही. मला सांगितलं तेही पेन्शन सुरू झाल्यावर.

फोन ठेवला आणि हे उठून सायकल पुसायला गेले. चालत नसलेली सायकल दुपारपर्यंत पुसली. मग घरात येऊन म्हणाले, "पाय मी करनार." डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो, असं आपल्यात म्हणतात. माझा त्यावर विश्वास नाही, त्यांचाही नाही. पण लेकराचे कान, त्यात कशाला धोका पत्करायचा, यावर आमचं लग्नानंतर पहिल्यांदाच एकमत झालं.

एकमत तिथंच संपलं. तुमच्या बंधूंनी आयुष्यात चहासुद्धा केलेला नाही, पण मोहीम म्हटली की त्यांच्या अंगात येतं. स्वयंपाकघराचे त्यांनी तीन सेक्टर पाडले. मला मैद्याच्या सेक्टरात नेमलं आणि ओट्यावर हुकुमाशिवाय यायचं नाही म्हणून बजावलं. स्ट्रॉबेरी आणायला स्वतः भिलारला गेले. तिथं एका शेतकऱ्याला एकेक फळ रांगेत मांडायला लावलं आणि हात मागं बांधून रांगेपुढून चालत गेले. डाग असलेली अनफिट, देठ मोडलेली अनफिट. फळांची छाती तेवढी मोजायची राहिली. शेतकऱ्यानं शेवटी हात जोडले आणि म्हणाला, "सुभेदार, सैन्यात घ्यायच्या हायीत का पोटात?"

पहिला हल्ला घरच्या कुकरवर झाला. खाली मीठ पसरायचं, वर ताटली ठेवायची, झाकण लावायचं, की झाली भट्टी, असं त्यांनी मोबाइलवर बघितलं होतं. शिट्टी आणि रबर काढून ठेवा, असंही त्यात सांगितलं होतं, पण तोवर यांचं बघून झालं होतं. मी म्हटलं, "आवं, शिट्टी काढा." तर म्हणाले, "शिट्टीबिगर सिग्नल कसा कळनार?" सिग्नल कळला. रबर वितळलं, धूर झाला, शेजारी बयाबाईनं खिडकीतून विचारलं की टायर जाळताय का. करंज्या खालून कोळसा आणि वरून कणीक अशा निघाल्या, आणि आतली स्ट्रॉबेरी सगळी वाहून मिठात गेली. त्या मिठाचा रंग मात्र इतका सुरेख आला होता की टाकवेना.

दुसरा हल्ला केरबाच्या भट्टीवर. तुम्हाला आठवत असेल, दिवाळीला आपण मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायचो, आपला ट्रे ओळखू यावा म्हणून कुणी हळदीचं बोट लावायचं, कुणी बांगडीचा ठसा उमटवायचं. ती बेकरी अजून आहे, केरबा अजून आहे, आणि त्याचा तिरसटपणाही जागेवर आहे. त्याला मी दोन दिवस आधीच ताक पाठवून मऊ करून ठेवला होता. सकाळी पाव निघाले की भट्टी जरा निवते तेव्हा या, असं त्यानं सांगितलं. त्याच वेळी बयाबाईचीही नानकटाई भाजायची होती, तिच्या जावयासाठी. (जावई पहिल्यांदा येणार नव्हता. दर महिन्याला येतो. पण ती दर वेळी पहिल्यांदाच आल्यासारखी करते.) भट्टीत वरच्या अंगाला आमच्या करंज्या, खाली तिची नानकटाई आणि शेजारी केरबाचे दुपारचे पाव.

ट्रे आत सरकवण्याआधी दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे मी हळूच त्यात एक मोदक ठेवला. करंज्या केल्या की सोबतीला एक मोदक करायचा, बहिणींना भाऊ पाहिजे, हे तुम्हीच मला या घरात आल्यावर शिकवलंत. यांनी ते बघितलं आणि पाय करताना मोदक कुठं असतो का म्हणून भडकले. मी म्हटलं, साहेबांच्या बहिणींना भाऊ नसतील, आपल्या असतात. दुसरी गोष्ट म्हणजे मी सांगितलं, वाफ जायला प्रत्येकीला वरून एक चीर द्या. त्यावर जे उत्तर मिळालं ते मी कोरून ठेवणार आहे. म्हणाले, "हद्दीला भोक ठेवत नसत्यात!"

वन्सं, हद्द फुटली. आधी टप् असा आवाज आला, मग टप् टप् टप् असा, आणि केरबानं दार उघडलं तेव्हा आत लाल चिखल उकळत होता. एकूण एक करंजी कडेनं उकलली होती. लाल रस वरून खाली बयाबाईच्या नानकटाईवर आणि शेजारी पावांच्या पाठीवर. मधोमध तेवढा माझा मोदक कोरडा ठणठणीत उभा. बहिणी सगळ्या फुटल्या, भाऊ तेवढा ताठ. फोडून बघितला तर आतून कच्चा. मला तिथंच हसू फुटलं आणि ते का फुटलं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. केरबा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "सुभेदार, तुमी बार्डरवर काय करायचं ते केलं आसंल, पर माज्या भट्टीवर का म्हून?"

पावाचं पुढं काय झालं तेही ऐका. केरबा टाकून देणारा माणूस नव्हे, त्यानं ते पाव तसेच विकले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की केरबाच्या पावाला रक्त फुटलं. कुणी म्हणालं कोप झाला, कुणी म्हणालं कृपा झाली, आणि खालच्या आळीच्या एका म्हातारीनं लाल पाव पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. तिच्या सुनेनं तो रात्री रश्शात बुडवून खाल्ला. सुनेला काहीच झालं नाही, त्यावरून तो पाव जागृत नव्हता असं ठरलं. बयाबाई मात्र अजून आमच्याशी बोलत नाही. तिच्या जावयाला ती लाल नानकटाई आवडली आणि त्यानं पुन्हा मागितली, हा आता तिला आमचाच गुन्हा वाटतो. फुटलेल्या करंज्यांचं मी काय केलं? संक्रांतीचं हळदीकुंकू होतंच. वाटीत घालून वाण म्हणून दिल्या. वाणाला नावं ठेवता येत नाहीत, ही आपल्या धर्मातली मला सगळ्यात आवडणारी सोय आहे.

एवढं झाल्यावर दुसरा माणूस गप्प बसला असता. यांनी चीर द्यायचं कबूल केलं (म्हणजे "भोकाचा प्रस्ताव विचारात घेतला" असं म्हणाले), सारणात रस आटवून घालायला शिकले, आणि तरी करंजी कडेनंच उकलत राहिली. सगळा रोग कडेला होता. काट्या-चमच्यानं दाबून बघितली, कातण्यानं कापून बघितली, दुधाचा हात लावून बघितला. मी साच्यातली बाई, तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्या हाताला मुरड कधी आली नाही आणि तुम्ही ते मला सुनावायची संधी कधी सोडली नाहीत. मग यांनी स्वतःच मुरड शिकायला घेतली. रोज सकाळी चपातीच्या कणकेवर. जन्मभर मिशीला पीळ भरला, तर करंजीला भरता येणार नाही का, असा त्यांचा हिशेब. मिशी उलटून बोलत नाही, कणीक बोलते. सातारच्या दुकानात जाऊन मशीनची मुरड घातलेल्या करंज्यासुद्धा बघून आले. घरी येऊन टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "दुकानातली बेकार हाय गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर हे ओट्यापाशी. हाताला, मिशीला, भुवयांना मैदा. समोर वाकड्या मुरडीच्या चार करंज्या. माझ्याकडं न बघता म्हणाले, "भरतीला निघालो तवा आक्कानं डबा दिला व्हता. कानवलं व्हतं मुरडीचं. आगीनगाडी, ट्रक, पुन्यांदा ट्रक, लय आदळलो. येक बी फुटलं न्हवतं." एवढी वर्षं संसार झाला, हे मला पहिल्यांदा कळत होतं. मग म्हणाले, "शेवटचं येक म्या लय दिस ठिवलं व्हतं. बुरशी आली, मग टाकलं." डोळे पुसले आणि मैदा फार उडतोय म्हणून माझ्यावरच ओरडले. चार वर्षांत त्यांच्या तोंडी तुमचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्यातल्या त्यात बऱ्या निघालेल्या करंज्या डब्यात घालून आम्ही गेल्या आठवड्यात सांगलीला गेलो. डबा यांच्या मांडीवर, दोन्ही हातांच्या वेढ्यात. कंडक्टरनं विचारलं, अस्थी हायीत का? कराडपर्यंत जरा तरी आशा होती. पुढं रस्त्याचं काम चालू आहे. क्रांतीच्या उशाशी डबा उघडला तेव्हा पापुद्रा एकीकडं, सारण एकीकडं आणि यांचं तोंड तिसरीकडं. पण वन्सं, पोरीनं चमचा मागितला. त्या लगद्यातला एक चमचा खाल्ला, थांबली. आम्ही दोघं उलटीसाठी ठेवलेल्या पातेल्याकडं बघत होतो. उलटी आली नाही. दुसरा खाल्ला. चौथ्या चमच्याला हसली आणि म्हणाली, "पप्पा, चव तीच हाय बगा. पर त्यो गरम असायचा, आन हातात धरून खायला यायचा." सुभेदार रिक्षा बघतो म्हणून बाहेर गेले. आम्हाला निघायला अजून दोन तास होते. पडद्यातून बघितलं तर रस्त्याकडं पाठ करून भिंतीला तोंड लावून उभे होते.

चमचाभर लगदा पोटात ठरला, तर गरम, सबंध करंजी का ठरणार नाही? पण वाईहून सांगलीला करंजी गरम आणि सबंध जाणं देवाच्या हातात नाही, मग आमच्या कुठून असणार? सांगलीतच करावी तर व्याह्यांच्या स्वयंपाकघरात कमरेला फडकं बांधून उभं राहणं यांना मरणाहून कठीण. लेकीच्या घरचं पाणी प्यायलासुद्धा त्यांना अजून अवघडल्यासारखं होतं, तिथं ते कणीक काय मळणार? असं सगळं अडून बसलंय. तुमच्या कानावर घातलं, एवढंच. मनातलं बोलायला नणंदेशिवाय आहे कोण, अन् नणंदेविरुद्ध बोलायला नवऱ्याशिवाय. मागणं काही नाही. तुम्ही आपल्या घरी सुखात असा, आम्ही आमच्या घरी करंज्या फोडतो.

दाजींना नमस्कार, म्हशीला चारा, लहानांना गोड पापा.

तुमची भावजय,
शालू

ता. क. सहज विचारते. तुमच्या लेकानं पुण्याहून तुम्हाला ओव्हन आणून दिलाय आणि तुम्ही त्यात चपात्यांचा डबा ठेवता, असं ऐकलं. खरं असेल तर तो डबा आज बाहेर काढून ठेवा. तुमच्या घरापासून सांगली अर्ध्या-पाऊण तासावर. छातीशी धरून नेली तर करंजी तेवढ्या वेळात निवत नाही, हे आमच्या घरात कुणाला तरी पक्कं माहीत आहे.

दुसरा ता. क. हे पत्र कशाबद्दल आहे, ते आणणाऱ्या माणसाला माहीत नाही. घरच्या जागरणाची तारीख विचारलीय, असं मी त्याला सांगितलंय. त्याच्या पिशवीत मैदा आहे, तूप आहे, आणि खाली गवत घालून भिलारची स्ट्रॉबेरी. ती स्ट्रॉबेरी तुमच्यासाठी भेट आहे असं तो म्हणेल. तुमच्या दाराशी यायचं धाडस व्हावं म्हणून मी त्याला हे निमित्त दिलं, आणि ते निमित्त आहे हे त्यालाही कळतं, पण एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकांचं असं पुष्कळ काही कळू दिलेलं नाही.

तिसरा ता. क. परवा तो गोठ्यात म्हशीपुढं उभा राहून तालीम करत होता, ते मी दाराआडून ऐकलं. "आक्का, माजं चुकलं." पुन्हा, "आक्का, माजं चुकलं." म्हैस विरघळली. पण तुमच्यापुढं त्याच्या तोंडातून हे निघणार नाही. तो म्हणेल, "आक्का, औंदा ऊस बरा हाय." ऊस यंदा अजिबात बरा नाही. ते वाक्य आलं की काय समजायचं ते समजा.

शेवटचा ता. क. एवढं लांबलचक पत्र कशाला लिहिलं, असं तुमच्या मनात आलं असेल. तुम्ही बोट ठेवून, ओठ हलवत वाचता, हे मला ठाऊक आहे. चष्मा शोधण्यापासून या ओळीपर्यंत तुमचा तासभर सहज गेला असणार. तेवढा वेळ तुमचा भाऊ तुमच्या उंबऱ्याबाहेर पिशवी छातीशी धरून उभा आहे. बस म्हटल्याशिवाय तो बसणार नाही. दुकानातल्या कौतुकाबद्दल एवढी शिक्षा मला रास्त वाटली. कमी वाटत असेल तर पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचा. पुरे वाटत असेल तर आता आत घ्या, स्ट्रॉबेरी टिकत नाही.